मधल्या ओळीत काना नाही

ही गेली असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी मी आणि माझी लेक दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो होतो. मध्ये एका माणसाची जागा रिकामी ठेवून. सवयच तशी! कुणीतरी कागदी कपात चहा आणून दिला. लेक माझ्याकडे न बघता त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "बाबांना सांग, चहा घ्या म्हणून."

मीही म्हणालो, "तिला सांग, नको म्हणून."

मग दोघांच्याही लक्षात आलं, की सांगणारी कुणी उरलेली नाही.

हे असं का, ते सांगतो. मी आयुष्यभर बस चालवली. बसमध्ये चालकाच्या डोक्यावर पाटी असते, 'चालकाशी बोलू नये.' ती पाटी मी घरीही आणली होती, दिसत नव्हती एवढंच. घरातली कंडक्टर ही. तिने एक घंटी मारली की थांबायचं, दोन मारल्या की सुटायचं. लेकीला सायकल हवी असली की लेक हिला सांगायची, ही मला सांगायची, मी म्हणायचो "बघू", आणि ही आत जाऊन लेकीला सांगायची, "हो म्हणालेत." माझा 'बघू' स्वयंपाकघरापर्यंत पोचेस्तोवर 'हो' कसा व्हायचा, ते मला कधी कळलं नाही. हाडाची कंडक्टर!

आता गाडीत मी एकटा. लेक लग्न होऊन लांबच्या शहरात. रोज फोन करायची.

"जेवलात?"

"हो."

"औषध?"

"हो."

मग शांतता. इतकी, की तिच्या घरातला पंखा मला ऐकू यायचा आणि माझ्या घरातला नळ तिला.

"ठेवू?"

"ठेव."

शेवटी तिनेच तोड काढली. "बाबा, बोलता येत नसेल तर लिहा. माझा कॉलेजातला कॉम्प्युटर पडलाच आहे तिथे." आणि पुढच्या खेपेला येऊन ती सगळं जोडून देऊन गेली. मी एका बोटाने लिहायला लागलो. तिला म्हणे पलीकडे दिसतं, 'बाबा टाइप करत आहेत.' ते बघत ती बसायची. मग उठून कपडे वाळत घालायची. पोरीला आंघोळ घालायची. परत येऊन बघायची, तर अजून 'टाइप करत आहेत'! तिला वाटायचं, बाबा आता मन मोकळं करणार. आणि मग माझं उत्तर उमटायचं.

"बरं."

"एवढ्या वेळात एवढंच?" ती लिहायची.

काय करणार? 'ब' शोधण्यातच निम्मा जीव जायचा. तो सापडेपर्यंत पुढे काय लिहायचं होतं ते विसरायला व्हायचं!

तेव्हा मी ठरवलं. सगळ्या बोटांनी, न बघता, धडाधड टाइप करायला शिकायचं. यात अवघड ते काय? ज्या माणसाने आयुष्यात एकदाही खाली न बघता क्लच, ब्रेक आणि गिअर सांभाळले, मागे साठ माणसं आणि समोर म्हशी असताना सांभाळले, त्याला चार कळा काय जड आहेत? आणि लेकीला पत्ताच लागू द्यायचा नाही. एक दिवस तिने "काय करताय?" विचारलं, की असं सपासप उत्तर द्यायचं, की ती खुर्चीवरून पडली पाहिजे!

(ती पडली. पण ते पुढे येईल.)

कोपऱ्यावर एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांच्याकडे गेलो.

"मराठी टायपिंग शिकायचंय."

"कुणाला? नातीला?"

"मला."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मग काका, गेमच टाकून देते. मुलं यावरच शिकतात. कंटाळा येत नाही."

गेम असा, की आभाळातून राक्षस पडतात. प्रत्येकाच्या पोटावर एक शब्द लिहिलेला. तो शब्द टाइप करून एंटर मारला की राक्षस फुटतो. नाही जमलं, तर तो जमिनीवर उतरतो आणि आपल्याकडे बोट दाखवून हॅ हॅ करून हसतो. सुरुवातीला माझ्या घरात इतके राक्षस उतरले, की उभं राहायला जागा उरली नसती. पण मी हटलो नाही. दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, त्यावर दोन्ही तर्जन्या ठेवायच्या. तो उंचवटा सापडला आणि मला बरं वाटलं. गिअरच्या गोट्यावर हात पडल्यासारखं!

कळफलकाची रचनाही पटली. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांट्या. उजव्या हाताला अक्षरं. म्हणजे एका हाताने काही होत नाही. पहिला धडा मधल्या ओळीचा. बोटं जिथे टेकतात तीच ओळ, वरखाली जायचं नाही. आता मधल्या ओळीत काय आहे ते नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. उजवीकडे प, र, क, त, च, ट. डावीकडे ओकार, एकार, पाय मोडायची खूण, पहिली वेलांटी, पहिला उकार. आणि काना नाही! काना वरच्या ओळीत, म्हणजे दुसऱ्या धड्यात.

काना नसला की माणसाचं काय होतं, याचा तुम्ही कधी विचार केलाय? बाबा नाही. मामा नाही. चहा नाही. पाणी नाही. राग नाही आणि हसायला 'हाहा' पण नाही. मग ज्याने कुणी धडा बनवला, त्याने तरी शब्द आणायचे कुठून? त्याने उरल्यासुरल्यातून जे निघाले ते घेतले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. राक्षस मारताना माणूस अर्थाकडे बघत नाही.

मधली ओळ हातात बसली. मग त्या धड्याची परीक्षा आली. तिचं नाव 'अंधारपरीक्षा'. डोळे मिटायचे, कानाला हेडफोन लावायचा. गेममधली बाई शब्द बोलणार, आपण टाइप करून एंटर मारायचा. राक्षस मेला की नाही ते लगेच कळत नाही, निकाल एकदम शेवटी. मी म्हटलं, हे तर रात्रीची बस घाटातून काढल्यासारखं झालं! या कामात माझा हात कोण धरणार?

रविवार होता, दुपारची वेळ. दार लावलं, किल्ली आतून कुलपातच राहू दिली. हिने विणलेला मफलर काढला. तो मफलर इतका रुंद, की थंडीत गळा उघडा राहायचा आणि डोळे झाकले जायचे. कायम भांडण! आज त्याला त्याचं खरं काम मिळालं. हेडफोन चढवला. 'सुरू करा' दाबलं. बाई म्हणाली, "तयार व्हा." तेवढ्यात कोपऱ्यात लेकीचा निरोप उगवला. मी त्यावर टिचकी मारून वाचला.

"बाबा, काय करताय?"

म्हटलं, थांब पोरी, संध्याकाळी दाखवतोच तुला. आणि मफलर डोळ्यांवर ओढला.

ही टिचकी मारली ना, तिथे गाडी रस्ता सोडून शेतात गेली. मला कुठे ठाऊक, की टिचकी मारली त्या चौकटीतच आता सगळं उमटणार? बाई बोलत होती गेममधली, आणि मी सपासप टाइप करत होतो थेट लेकीला!

बाई म्हणाली, "चोर."

चोर. एंटर. "मेला!" मी ओरडलो. मी प्रत्येक राक्षसाला असा निरोप द्यायचो. मोकळं वाटतं.

"कुत्रे." एंटर. "मेलं!"

"पोट." एंटर.

"चिरतो." एंटर. इथे वेलांटीला बोट अचूक पडलं. स्वतःवरच खूश!

"रक्त." एंटर. जोडाक्षर होतं, तरी चुकलो नाही.

"पोपट." एंटर.

"प्रेत." एंटर. "अरे ये! ये पुढे! आणखी कोण आहे?"

"पुरे." एंटर.

"पुरे." तोच शब्द दोनदा आला. दोन्ही वेळा मारला. परीक्षा लांबलचक होती, तेच शब्द फिरून फिरून येत राहिले.

आता तिकडचं चित्र बघा. लेकीने एकट्या बापाला विचारलं, काय करताय? आणि ज्या बापाला 'बरं' लिहायला अर्धी दुपार लागते, त्याच्याकडून धाड धाड उत्तरं येताहेत. चोर. कुत्रे. पोट. चिरतो. रक्त. ती खुर्चीवरून उठायला गेली आणि खुर्ची चाकांची असल्यामुळे खाली बसली. फरशीवर. तिथूनच तिने फोन लावला. माझा फोन स्वयंपाकघरात वाजत राहिला. हेडफोनमधून मला काय ऐकू येणार?

मग तिने खालच्या मजल्यावर फोन केला. तिथे नर्सबाई राहतात. आता निवृत्त आहेत, पण आवाजाने अजून वॉर्डात आहेत. हिच्या मैत्रीण, आणि आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. त्या लाटणं घेऊनच वर आल्या. किल्ली घातली, ती फिरेना, कारण आतून माझी अडकलेली. त्यांनी दाराला कान लावला. आतून माझा आवाज:

"मेला! आणखी एक मेला! ये, तू पण ये!"

नर्सबाईंनी लेकीला फोनवर सांगितलं, "तुझे बाबा जिवंत आहेत. बाकीच्यांचं सांगता येत नाही."

मग त्यांनी चौकातल्या कुलूपवाल्याला हाक मारली. हा कुलूपवाला इतकं बोलतो, की कुलूप कंटाळून आपोआप उघडतं असं लोक म्हणतात. म्हणून सगळा भाग त्याला पोपट म्हणतो. आणि त्या दिवशी, नशीब बघा, शर्टही हिरवा!

तो कुलपाशी वाकला. "बाई, हे कुलूप मीच बसवलंय. चांगल्यातलं आहे. चोराच्या बापाला उघडणार नाही. मला मात्र लगेच..."

फोनवरून लेक रडत वाचून दाखवत होती, "मावशी, चोर लिहिलंय, मग रक्त, मग पोपट..."

"काय?" नर्सबाई थबकल्या. "पोपट?"

"हो, पोपट. आणि लगेच प्रेत!"

नर्सबाईंनी लाटणं उचललं आणि कुलूपवाल्याची कॉलर धरली. "पोपट! म्हणजे तू!"

"मी काय केलं?"

"हे कुलूप तूच बसवलंस! तुला लगेच उघडता येतं! आत्ता तूच म्हणालास!"

"अहो बाई, तुम्हीच बोलावलंत मला! मी आत असतो तर बाहेर कशाला आलो असतो?"

"तेच विचारतेय मी!"

"मग आत कोण आहे?"

शेवटी असं ठरलं, की त्याने कुलूप उघडायचं आणि उघडेपर्यंत नर्सबाईंनी कॉलर सोडायची नाही. तसं त्याने ते उघडलं. पुढे तो सगळ्यांना सांगत होता, की गळा आवळलेला असताना कुलूप उघडणारा या भागात मी एकटाच.

आत मी. पाठमोरा, डोळ्यांना मफलर, डुलत, समाधानाने. नर्सबाईंनी पाहिलं ते असं, की माणूस खुर्चीत आहे आणि तोंडाला काहीतरी बांधलंय. त्यांनी सवयीने पहिल्यांदा माझ्या मानेवर दोन बोटं ठेवली. नाडी बघायला.

आता तुम्ही सांगा! बंद घर. डोळ्यांपुढे अंधार. कानात बाई परत म्हणतेय 'प्रेत'. आणि मानेवर दोन थंडगार बोटं!

"चोऽर!" मी ओरडलो, आणि हातात होता तो कळफलक मागे भिरकावला. तो सरळ पोपटच्या पोटात. पोपट मागे दारावर, दार भिंतीवर, त्याची हत्यारांची पेटी जिन्यावरून गडगडत थेट तळमजल्यावर. तिथली सगळी कुत्री एकदम उठली. पेटी पकडायला गेलेल्या पोपटच्या बोटाला खिळा लागून थेंबभर रक्त आलं.

मी मफलर वर केला. नर्सबाई, लाटणं, हिरवा शर्ट.

"काय झालं?" मी विचारलं.

"आम्हाला विचारताय?" नर्सबाई किंचाळल्या. "प्रेत कुठंय?"

"कसलं प्रेत?"

"तुम्ही लिहिलेलं!"

तेव्हा मी पडद्याकडे बघितलं. धड्यातलं सगळं खरं झालं होतं. चोर झाला, पोट झालं, कुत्रे, रक्त, पोपटसुद्धा. प्रेत तेवढं राहिलं होतं, आणि नर्सबाईंच्या चेहऱ्यावरून तेही लांब नव्हतं.

पडद्यावर माझे शब्द एकाखाली एक होते. मधेमधे लेकीचे.

"बाबा?"

"कोण आलंय?"

"बाबा फोन उचला!!"

आणि माझ्या दोन 'पुरे' खाली तिने लिहिलं होतं:

"नाही बाबा. पुरे नाही. पुरे म्हणू नका. मी आहे ना. तुम्ही एका शब्दात उत्तर दिलं तरी चालेल, अर्धा दिवस लावलात तरी चालेल. मी बसून बघत असते. 'बाबा टाइप करत आहेत' दिसलं की मला बरं वाटतं. तुम्ही तिथे आहात हे कळतं. पुरे म्हणू नका."

मी ते वाचलं. परत वाचलं. चोर आणि रक्त यांना ती घाबरलीच होती. पण तिचा धीर सुटला तो 'पुरे' वाचून. तिला वाटलं, बापाने गाडी थांबवली.

नर्सबाईंनी फोन माझ्या कानाला लावला. या वेळी घंटी मारायला कुणी नव्हतं, आणि गाडी तर सोडायला हवी होती.

"अगं," मी म्हणालो, "मधल्या ओळीत काना नाही गं!"

"काय नाही?"

"काना! काना नाही म्हणून 'बाबा' लिहिता येत नाही. चोर येतो. प्रेत येतं. टायपिंग शिकतोय मी. तुझ्यासाठी. राक्षसांचा गेम आहे."

मग ती हसायला लागली. मग रडायला. मग दोन्ही एकदम, तिची आई करायची तसं. मग ओरडायला लागली. दार आतून किल्ली ठेवून लावतं का कुणी? फोन स्वयंपाकघरात का? या वयात राक्षस मारताय? मी उत्तरं देत गेलो. एका शब्दाची नाही, चांगली लांबलचक. का ते मला माहीत नाही. बहुतेक गुन्हेगाराला बोलावंच लागतं.

बोलता बोलता मी म्हणालो, "करमत नाही."

"मलाही," ती म्हणाली.

एवढी साधी गोष्ट. हिने मधे उभं राहून ती कधीच इकडची तिकडे पोचवली असती. आज तिच्याशिवाय पोचली, ती कुलूप उघडून. नर्सबाई तोवर खाली बसल्या होत्या. त्यांचा फोन परत मिळायची चिन्हं नाहीत हे बघून त्यांनीच सगळ्यांसाठी चहा टाकला. पोपटने बोटाला पट्टी बांधून घेत विचारलं, "काका, त्या गेममध्ये माझं नाव कुणी घातलं?"

"अरे बाबा, पक्षी आहे तो."

"कळलं. पण लोक मानतील का?"

लोकांनी मानलं नाही. चौकात अजून त्याला विचारतात, प्रेत कुठं पुरलंस? तोही खुशाल जागा दाखवतो. गिऱ्हाईक वाढलंय म्हणतो.

त्यानंतर मी वरची ओळ शिकलो. काना आला! त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा न बघता 'बाबा' लिहून पाठवलं. तिने लिहिलं, "ओळखते मी." मग खालची ओळ झाली. आता रोज संध्याकाळी आमचं लिहिणं चालतं. फोनही होतो, पण त्यात अजून पंख्याचा आवाज बराच येतो. लिहिताना येत नाही. तिचं सांगून झालं की ती लिहिते, "टिंग टिंग." दोन घंट्या. मग मी सुटतो.

अडचण एकच. तिन्ही ओळी झाल्या, पण शिफ्ट राहिलीय. करंगळीने एक कळ दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने अक्षर मारायचं. शिफ्टशिवाय 'नाही' लिहिता येतं, 'आहे' लिहिता येत नाही! म्हणून मी लिहितो, "मी बरा." ती विचारते, "बरा आहे की बरा नाही?" मी लिहितो, "तू बोललीस की बरं वाटतं." यात शिफ्ट लागत नाही. बघा तुम्हीच. 'काळजी करू नको' जमत नाही, कारण 'ळ' शिफ्टमध्ये. 'चिंता नको' जमतं. खूप काही जमतं. शिफ्टशिवाय माणसाचं इतकं चालतं हे मला माहीत नव्हतं.

"बाबा, शिफ्टचा धडा घ्या की आता," लेक मागे लागलीय. "मग सगळंच लिहिता येईल."

घेतला होता. धडा उघडतो, बोटं उंचवट्यावर ठेवतो. पहिलाच राक्षस आभाळातून येतो. त्याच्या पोटावर शब्द असतो 'आई'. सोपा आहे. दोन्ही अक्षरं डाव्या हाताची, उजव्या करंगळीने शिफ्ट धरायची, मग एंटर. एंटर मारला की राक्षस फुटतो. माझी बोटं जागेवर असतात. तो हळूहळू खाली उतरतो, जमिनीवर टेकतो आणि माझ्याकडे बोट दाखवून हसतो. मी त्याला हसू देतो.

बाकी सगळे धडे झाले. हा एक राहिलाय.